पाळीवरची चित्रं : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पाळ म्हणजे तलावाचा बांध. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पूर्व विदर्भात या सुमारास तलावांत पाणी असतं, हिवाळी बदकं अजून परत गेलेली नसतात, धान घरात आलेलं असतं आणि भिंती कोरड्या असतात. त्यामुळे शाळा, ग्रामपंचायती आणि मंडळं याच दिवसांत रंगाचे डबे उघडतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली भागातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीची मागची भिंत तलावाकडे तोंड करून आहे. १० फूट उंच, २० फूट लांब. दोन वर्षांपूर्वी तिच्यावर ऑइलपेंटनं कमळं आणि बगळे काढले. पहिल्या पावसाळ्यातच खालचा भाग फुगला आणि पोपडे सुटले. आता कोणता रंग घ्यावा? (अर्जुनी मोरगाव तालुका)

उत्तर : रंग बदलण्याआधी भिंत तपासा. तलावाजवळच्या भिंतीत जमिनीतली ओल चढते, साधारण दोन-तीन फुटांपर्यंत. ही ओल बाहेर पडताना सोबत खार आणते. ऑइलपेंटचा थर तिला बाहेर पडू देत नाही. मग खार थराच्या मागे साचतो, फुगा येतो आणि फुगा फुटला की पोपडा पडतो. महागातला ऑइलपेंट आणला तरी हेच होणार.

तपासणी सोपी आहे. एक फूट लांबी-रुंदीचं जाड प्लास्टिक भिंतीला लावा आणि चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. एक तुकडा जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, दुसरा पाच फुटांवर. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतली आहे. वरच्या तुकड्यातही थेंब दिसले तर छताची कड किंवा पन्हाळ गळते आहे. ती दुरुस्त होईपर्यंत चित्राला हात लावू नका.

फक्त खालचाच भाग ओला असेल, तर भिंतीचे दोन भाग करा. खालचे तीन फूट चुन्याचे, वरचे सात फूट बाहेरच्या भिंतीसाठी मिळणाऱ्या इमल्शनचे. चुना ओल अडवत नाही, तिला श्वास घेऊ देतो. खालच्या ६० चौरस फुटांना तीन हातांसाठी १ किलो कळीचा चुना आणि ५ लिटर पाणी पुरतं. चुना लोखंडी डब्यात विरवा. त्याला उकळी फुटते आणि प्लास्टिकची बादली वितळते. आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा टाका. चुन्यावर पाणी ओतलं तर तो अंगावर उडतो. हे काम मोठ्यांनीच करायचं, डोळ्यांना चष्मा लावून. पोरांना त्या दिवशी दूर ठेवा. रात्रभर मुरल्यावर फडक्यानं गाळा आणि गरम पाण्यात विरघळवलेला २० ग्रॅम डिंक घाला. गेरू किंवा पिवळी माती घालायची असेल तर किलोभर चुन्याला १०० ग्रॅमच्या वर नको, नाहीतर हात लावला की रंग निघेल. भिंतीवर आधी पाणी मारा आणि चुना दुधासारखा पातळ लावा. जाड एक हात दिला तर त्याला तडे जातात. पातळ तीन हात टिकतात.

वरच्या १४० चौरस फुटांवरचा ऑइलपेंट तारेच्या ब्रशनं जेवढा सुटेल तेवढा खरवडून काढा. जो अजिबात सुटत नाही त्याला पॉलिशपेपर मारून चमक घालवा, नाहीतर नवा थर त्याला धरणार नाही. जुन्या खरबरीत भिंतीवर १ लिटर प्रायमर ८० चौरस फूट जातो, म्हणजे २ लिटर हवा. पांढऱ्या इमल्शनच्या दोन हातांसाठी ४ लिटर आणि चित्रासाठी वेगळं ३ लिटर लागेल. रंगासाठी काळं, लाल ऑक्साइड, पिवळं ऑक्साइड, निळं आणि हिरवं स्टेनर प्रत्येकी १०० मिलिलिटर पुरे. लिटरभर इमल्शनमध्ये ४० मिलिलिटरपेक्षा जास्त स्टेनर घालू नका. गडद रंगाच्या हौसेनं लोक अख्खी बाटली ओततात. तो रंग नीट वाळत नाही आणि पहिल्या पावसात ओघळतो. झगझगीत लाल आणि लिंबोणी पिवळा उन्हात लवकर विटतात. गेरूच्या जातीचा लाल आणि मातकट पिवळा वर्षानुवर्षं राहतात. कपड्याची पातळ नीळ वापरू नका, ती उडते. पुडीतली कोरडी नीळ चालते.

चित्राची आखणी करतानाच खालच्या तीन फुटांत फक्त चिखल, मुळं आणि गेरू-पांढऱ्याची साधी नक्षी ठेवा. दर दिवाळीला सारवण-रंगरंगोटी होते तेव्हा तेवढा पट्टा पुन्हा चुन्यानं काढता येतो आणि वरच्या चित्राला धक्का लागत नाही. पक्षी, मासे, अक्षरं सगळं वर.

काम सकाळी करा, ऊन भिंतीवर यायच्या आत. एप्रिल-मेमध्ये रंग ब्रशवरच सुकतो आणि जोड दिसतात. नवीन सिमेंटचं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस थांबा, दोन महिने थांबलात तर उत्तम. भिंत मातीची असेल तर इमल्शन नकोच, पूर्ण चित्र चुना आणि मातीच्या रंगांत काढा.

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर मुलांकडून सारस काढून घ्यायचा आहे. इंटरनेटवरून घेतलेल्या चित्रांत कुठे पिसांचा तुरा आहे, कुठे मान काळी आहे. खरा कसा असतो? (साकोली तालुक्यातले शिक्षक)

उत्तर : तुरा किंवा काळी मान असते ती सारसाच्या कुळातल्या दुसऱ्या क्रौंचांना. चित्र चुकलं तर मुलं चुकीचा पक्षी ओळखायला शिकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच. उभा राहिला की पाच ते सहा फूट भरतो. तो भिंतीवर खऱ्या उंचीचाच काढा, साडेपाच फूट. मुलगी त्याच्या शेजारी उभी राहिली की तिला जे समजतं ते पानभर मजकुरानं समजत नाही. अंग राखी. डोकं आणि मानेचा वरचा भाग उघड्या कातडीचा, लाल. टाळू मात्र फिकट राखी आणि कानाजवळ एक छोटा राखी ठिपका. लालाच्या खाली मान पांढुरकी होत अंगाच्या राखीत मिसळते. चोच सरळ, टोकदार, हिरवट राखाडी. पाय फिकट गुलाबी-लाल. नर-मादी दिसायला सारखे, नर किंचित मोठा. जोडी काढताना एकाला रंगीत आणि दुसऱ्याला मळकट करू नका. पिलाच्या डोक्याला लाल नसतो, ते तांबूस-बदामी असतं.

उंचीत पायच जवळजवळ निम्मे. मुलं अंग मोठं आणि पाय आखूड काढतात, मग सारसाचा बदक होतो. पायात मधे जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे. तो पुढे वाकवला की पक्षी माणसासारखा चालताना दिसतो.

तीन चुका हमखास होतात. पहिली, सारस झाडावर बसवणे. तो झाडावर बसत नाही. जमिनीवर, उथळ पाण्यात, धानाच्या बांदीत (बांध घातलेल्या शेतात) असतो, आणि घरटंही तिथेच, पाणवनस्पतींचा ढीग रचून करतो. अंडी बहुधा दोन. दुसरी, उडताना मान घडी केलेली दाखवणे. बगळा मान घडी करून उडतो, सारस मान पुढे आणि पाय मागे ताणून. तिसरी, शेजारी पांढरे हंस पोहताना दाखवणे. आपल्या तलावांत ते नाहीत. आपल्याकडे हिवाळ्यात येतो तो पट्टकादंब, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेला राखी हंस. तोच काढा. जोडीला अडई, टिबुकली, वारकरी, लांब बोटांनी पानांवरून चालणारा कमळपक्षी आणि चोच मिटली तरी मधे फट राहणारा उघड्या चोचीचा करकोचा, एवढी मंडळी भिंत भरायला पुरेशी आहे.

पानांचंही तसंच. कमळाचं पान पाण्याच्या वर उचललेलं असतं, गोल आणि अखंड. कुमुदिनीचं पान पाण्यावर तरंगतं आणि त्याला देठापाशी चीर असते. कुमुदिनीच्या पानांत कमळाचं फूल उमललेलं दिसलं की गावातली म्हातारी माणसं हसतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

चित्र मोठं करायला चौकोनांची पद्धत घ्या. कागदावर एक इंचाचे चौकोन, भिंतीवर एक फुटाचे. गेरूत बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणून धरा आणि मधे उचलून सोडा, सरळ रेघ उमटते. कोळशानं आखू नका, पांढऱ्यावर त्याचा काळा डाग वर येतो. दर चार मुलांना एक रांग द्या. एकाच वेळी चाळीस मुलं भिंतीशी उभी केली तर रंग भिंतीपेक्षा कपड्यांवर जास्त जातो.

प्रश्न : चित्राखाली “हे कायद्याने संरक्षित पाणथळ क्षेत्र आहे” असं लिहावं असा ठराव झाला आहे. तलाव मालगुजारी काळातला आहे. चालेल ना? (लाखांदूर तालुका)

उत्तर : हे वाक्य लिहू नका. रामसर कराराच्या व्याख्येत माणसानं बांधलेल्या पाणथळ जागाही येतात, हे खरं. पण आपल्या देशातल्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून खास सिंचनासाठी बांधलेली तळी, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, मत्स्यपालनासाठीची बांधकामं आणि धानाची शेतं वगळली आहेत. आपले माजी मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जुने जमीनदार), म्हणजे मामा तलाव, मुळात धान ओलवायलाच बांधलेले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. बुलडाण्याचं लोणार सरोवर २०२० साली रामसर यादीत गेलं. तुमचा तलाव तसा जाहीर झालेला नसताना भिंतीवर तसं लिहिलं, आणि उद्या अतिक्रमण करणाऱ्यानं ते खोटं ठरवलं, तर पूर्ण भिंतीवरचा विश्वास जातो.

त्याऐवजी जे कागदावर पक्कं आहे ते लिहा. तलावाचा गट क्रमांक, सातबारावर नोंदलेलं क्षेत्र, गावाचे निस्ताराचे हक्क (पाणी, चराई अशा रोजच्या गरजांचे सामायिक हक्क), मासेमारीचा हक्क कुणाकडे आहे ते. ही माहिती तलाठ्याकडच्या कागदांवरून उतरवून घ्या, ऐकीव नको. “गट क्रमांक अमुक, क्षेत्र इतके हेक्टर” ही ओळ चित्रातल्या कुठल्याही घोषणेपेक्षा तलावाच्या जास्त उपयोगी पडते.

अक्षरांचा आकार : दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंची लागते. रस्ता चाळीस फुटांवर असेल तर अक्षर चार इंचांचं हवं. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार धरून ओळीला अक्षराच्या दुप्पट जागा सोडा.

प्रश्न : आमच्या तलावाची बाजू दर वर्षी थोडी थोडी शेतात जाते आहे. भिंतीवरच्या चित्रानं ते थांबत नाही. जागेवरच काही करता येईल का? (नागभीड तालुका)

उत्तर : येईल, आणि आमच्या मते तलावासाठी करता येणाऱ्या चित्रकामांत हे सगळ्यात मोलाचं आहे. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं, ती रेघ उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर उभी करायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी आत सरकलं की गावाला तलाव लहान वाटू लागतो, आणि त्या लहान तलावाभोवतीची जागा मोकळी वाटते. खरी कड दिसली की तो गैरसमज राहत नाही.

रेघ कशी मिळवायची? सांडव्याची माथ्याची पातळी हीच तलावाची पूर्ण पातळी, कारण त्यापुढे पाणी वाहून जातं. ती पातळी काठाकाठानं फिरवायची. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणीनळी घ्या, ३० मीटर लांब. पाण्यात चिमूटभर नीळ टाका म्हणजे ते दिसतं. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी सारखी दिसते पण नसते. बहुतेक चुका इथेच होतात. नळी एका टोकानं हळूहळू भरा आणि पूर्ण लांबी बोटांनी दाबत तपासा. उन्हात पडलेला भाग तापून फरक पडतो, म्हणून काम सकाळी करा.

एक जण सांडव्याच्या माथ्याशी टोक धरतो, दुसरा नळीभर पुढे जाऊन पाण्याची पातळी जिथे जमिनीला टेकते ती जागा शोधतो. तिथे बांबूची खुंटी. मग पहिला त्या खुंटीवर येतो आणि दुसरा पुढे. असं करत काठाकाठानं फिरून पाळीच्या दुसऱ्या टोकाला या आणि पाळीवरून पुन्हा सांडव्याशी पोचा. सुरुवातीच्या खुणेशी फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर काम बरोबर. जास्त असेल तर पुन्हा करा. हा हट्ट कशासाठी? आपल्या तलावांचा काठ फार सपाट असतो. शंभराला एक उतार असेल तर उभ्या दहा सेंटिमीटरच्या चुकीनं रेघ आडवी दहा मीटर सरकते, दोनशेला एक असेल तर वीस मीटर. तेवढ्यात एखाद्याची पूर्ण बांदी आत किंवा बाहेर जाईल आणि भांडण चित्रावरून सुरू होईल.

खुंट्या पाच फुटी, दर २० मीटरवर. वरच्या फूटभर भागाला निळा रंग किंवा जुन्या लुगड्याची निळी पट्टी. प्लास्टिकच्या झेंड्या नकोत, त्या पाण्यात जातात. दोन खुंट्यांमध्ये फक्कीची चार बोटं रुंद रेघ मारा. फक्की म्हणजे मैदानावर मारतात ती चुनखडीची पांढरी भुकटी. कळीचा चुना वापरू नका. पाऊस पडला की तो काठाच्या पाण्यात उतरतो आणि माशांच्या पिलांना मारतो.

एक गोष्ट आधी ठरवून घ्या : ही पाण्याची रेघ आहे, मालकीची नाही. मालकीची हद्द भूमी अभिलेखचा मोजणीदारच दाखवू शकतो. दोन्ही रेघांची गल्लत झाली तर ज्याची शेती लागून आहे तो पहिल्या दिवशी खुंट्या उपटेल. म्हणून ग्रामसभेत सांगा, लागून असलेल्या शेतकऱ्यांना नळी धरायला बोलावा, आणि मगच खुंट्या रोवा. ज्यानं स्वतः पातळी पाहिली तो तिच्याशी भांडत नाही. शेवटी पाळीच्या उंच ठिकाणावरून एक फोटो घ्या, दर वर्षी त्याच जागेवरून आणि त्याच महिन्यात. मोजणीच्या अर्जासोबत तो जोडता येतो.

प्रश्न : चित्रं काढून एक तरी पाणथळ जागा वाचली आहे का कुठे? गावातली तरुण मंडळी हाच प्रश्न विचारतात. (गोंदिया जिल्हा)

उत्तर : वाचली आहे. अमेरिकेत १९३४ साली बदकांच्या शिकारीच्या परवान्यासोबत एक तिकीट घेणं सक्तीचं केलं गेलं. पहिल्या तिकिटावरचं मॅलार्ड बदकांचं चित्र जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढलं होतं. १९४९ पासून दर वर्षीच्या चित्रासाठी खुली स्पर्धा होते. तिकिटाचे पैसे पाणथळ जमिनी विकत घ्यायला आणि राखायला जातात. आजवर सुमारे ६० लाख एकर त्यातून राखले गेले. तिथे चित्र सुंदर होतं म्हणून नव्हे, तर चित्राच्या पैशाला जाण्याची वाट ठरलेली होती म्हणून काम झालं.

गावात याचं छोटं रूप म्हणजे कॅलेंडर. बारा महिने, बारा चित्रं, सगळी आपल्याच तलावाची. आषाढात सांडवा, श्रावणात सारसाचं घरटं, कार्तिकात बदकं, चैत्रात गाळ. पण छापायच्या आधी ग्रामसभेत लिहून घ्या की उरलेले पैसे कोणत्या कामाला जाणार. सांडव्याची दुरुस्ती, बेशरम (तलावात माजणारं झुडूप) काढणं, जे ठरेल ते. “तलावाच्या विकासासाठी” एवढंच लिहिलं तर ते पैसे मंडपाच्या भाड्यात जातात.

प्रश्न : आमच्या शाळेत वारली शैलीत तलाव काढायचं ठरतंय. (सिंदेवाही तालुका)

उत्तर : वारली पालघरकडची. ती वाईट नाही, पण तुमच्या घराजवळ वडसा आहे, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं केंद्र. तिथल्या रंगवलेल्या पडद्यांची परंपरा तुमची स्वतःची. पडद्याचा आणखी एक फायदा : भिंत गावात राहते, पडदा ग्रामसभेत, बाजारात, शेजारच्या गावात नेता येतो.

जाड मांजरपाट घ्या, ८ फूट × ६ फूट. धुऊन आधी आटू द्या, नाहीतर रंगवल्यावर आटतो आणि चित्राला सुरकुत्या पडतात. २०० ग्रॅम मैद्याची पातळ खळ शिजवा आणि किडे-उंदरांसाठी त्यात चिमूटभर मोरचूद घाला. मोरचूद विषारी आहे, ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको. खळीचे दोन हात द्या आणि वर इमल्शन पातळ करून रंगवा. डिस्टेंपर वापरला तर गुंडाळताना तडकतो. पडदा कधीही घडी घालू नका. बांबूवर गुंडाळा, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून.

प्रश्न : तलावातली जलपर्णी आणि बेशरम काढून त्याच्याच काड्यांचा मोठा सारस करायचा विचार आहे. (पवनी तालुका)

उत्तर : जलपर्णीचा करा, बेशरमाचा नको. बेशरमाची तोडलेली फांदी ओल लागली की पेरापेराशी मुळं धरते. सांगाड्यासाठी रोवलेले दांडे पावसाळ्यात उगवतील. तिची पानं खाऊन बकऱ्या आजारी पडतात, त्यामुळे काढलेला ढीगही जनावरांच्या वाटेवर टाकू नका. सांगाडा बांबूचाच.

जलपर्णीत जवळजवळ सगळं पाणीच असतं. दहा किलो हिरवे देठ वाळले की अर्धा किलोच्या आसपास उरतात, हे धरूनच हिशेब करा. पाळीच्या बाहेरच्या बाजूला वाळत घाला, तलावाकडच्या उतारावर नको. एक तुकडा पाण्यात पडला तरी तो पुन्हा पसरतो. फुलं यायच्या आत काढा, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. देठ पूर्ण वाळले की वेणीसारखे वळून सांगाड्यावर गुंडाळा. अर्धवट वाळलेले गुंडाळले तर आठवड्यात बुरशी येते. कागद करायचा तर किलोभर वाळलेले देठ १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास शिजवा. ते पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, कुटा आणि निम्मी रद्दी मिसळा. नुसत्या जलपर्णीचा कागद कडक होऊन वळतो. सोड्याचं पाणी तलावात सोडू नका.

प्रश्न : प्रदर्शनासाठी सारसाच्या घरट्याचे जवळून फोटो कसे घ्यावेत? (गोंदिया जिल्हा)

उत्तर : घेऊ नयेत. जोडी अंड्यांवरून उठली की कावळे आणि कुत्री तिथे पोचतात. पिलं घरट्यातून निघून शेतात फिरू लागली की बांधावरून, लांबून घ्या. प्रदर्शनात जागेचं नाव लिहू नका.

प्रश्न : आम्ही ढीवर. तलावावर आमची मच्छीमार संस्था आहे. चित्रवाले येतात आणि पक्षी काढून जातात. आमचा मासा कुणी काढत नाही. (मोहाडी तालुका)

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे. ती या कामातल्या सगळ्यांनी ऐकावी. तलावात कोणती वनस्पती वाढली म्हणजे कोणता मासा येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच चित्राची आखणी विचारली गेली पाहिजे.

चित्रात दोन जातीचे मासे वेगळे दिसू द्या. रोहू, कटला आणि मृगळ यांचं बीज आणून सोडावं लागतं, कारण ते साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. मरळ, मागूर आणि शिंगी तलावातच वाढतात, तिथेच पैदास करतात. तलाव बिघडला की आधी हेच जातात. मरळीची पिलं लालसर-नारिंगी असतात. त्यांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि आई-बाप खाली राखण करतात. हिरव्या पाण्यात नारिंगी ठिपक्यांचा गोळा आणि खाली मोठी मरळ, एवढं चित्र पुरे. ते पाहून गावातल्या पोरांना कळेल की पावसाळ्यात असा गोळा दिसला की त्या जागी गळ टाकायचा नाही.

मागूर आणि शिंगी यांची गल्लत होते. दोघांना चार-चार जोड्या मिशा. मागुराच्या पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत लांब असतो, शिंगीचा अगदी छोटा, पुढेच. मरळीला मिशा नाहीत, तोंड सापासारखं आणि पाठीचा पर लांब. तिलापिया बाहेरचा आहे, आफ्रिकन मागूर पाळायला देशात बंदी आहे. दोघांना आपल्या माशांच्या रांगेत बसवू नका. दाखवायचे असतील तर वेगळ्या चौकटीत दाखवा.

आराखडा कागदावरून घेऊ नका, जाळ्यावरून घ्या. सकाळी जाळं ओढलं की प्रत्येक जातीचा एक मासा ओल्या गोणपाटावरून जाड कागदावर ठेवा आणि भोवती पेन्सिल फिरवा. खऱ्या मापाची आकृती मिळते. पर काडीनं उघडून त्यांची सुरुवात आणि शेवट खुणा करून घ्या. रंगाची नोंद पहिल्या दहा मिनिटांतच करा, मासा मेला की अंगावरची चमक आणि पट्टे फिके पडत जातात. नाव तुमच्या बोलीत जे असेल तेच लिहा, आणि त्याच्याखाली तो मासा कोणत्या गवतात सापडतो ते. गाळ काढताना ते गवतही जेसीबीनं उचललं जातं, म्हणून ही भिंत गाळ काढायच्या आधी, जानेवारीतच रंगवून घ्या.